तीन इयत्ता, एक पडवी: घरशाळेच्या एका वर्षाचा आराखडा

राजापूर तालुक्यातलं गाव. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याहून एक कुटुंब इथल्या मूळ घरी राहायला आलं. आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे निदान वर्षभर मुक्काम हलणार नव्हता. मुलं चार. थोरली मुलगी ९ वर्षांची, तिसरी संपवून चौथीत जाणारी. मधला मुलगा ७ वर्षांचा, दुसरीतला. धाकटी ५ वर्षांची. आणि १४ महिन्यांचं बाळ. थोरली दोघं पुण्यात इंग्रजी माध्यमात होती. घरी बोली मराठीच, पण वाचन-लेखनाची सवय इंग्रजीची. वडील घरूनच काम करतात, साडेदहानंतर ते लॅपटॉपसमोरून उठू शकत नाहीत. आजी हिंडती-फिरती, पण आजोबांचं पथ्यपाणी तिच्याकडे. शिकवण्याचा मुख्य भार आईवर.

वर्षभर मुलांना घरीच शिकवायचं, असा निर्णय झाला. हा निर्णय बरोबर की चूक, यात इथे शिरत नाही. एका आईला तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरची मुलं आणि एक रांगतं बाळ घेऊन वर्ष कसं आखता येतं, पहिला आराखडा का मोडला आणि दुसरा का टिकला, एवढंच पाहायचं आहे.

कागदपत्रांचं आधी

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे या घरात थोरली आणि मधला यांच्यापुरता. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही. घरशाळेचं नावही त्यात नाही. तेव्हा घरशाळेला रीतसर मान्यता आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उद्या पोलीस दारात येतील ही भीतीही बाळगू नये.

या कुटुंबाने तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही योग्य होत्या. पुण्याच्या शाळेतून दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले रीतसर घेतले आणि मूळ प्रती जन्मदाखल्यांसोबत एका फाइलमध्ये लावल्या. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतःहून भेटून परिस्थिती सांगितली. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक घरोघर येतात, त्या वेळी लपवाछपवी करण्यापेक्षा आधीच माहिती दिलेली बरी. आणि तिसरं म्हणजे, वर्षाच्या मध्यात बेत बदलला तर काय, याचं उत्तर शोधून ठेवलं. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि कलम १५ प्रमाणे सत्र सुरू झालं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परतीचा दरवाजा उघडा आहे हे कळलं की आईबाप घाबरून पोरांवर अभ्यास लादत नाहीत, हा याचा मोठा फायदा.

एका वर्षासाठी मुक्त विद्यालयाच्या नोंदणीची गरज नव्हती. पुढे अनेक वर्षं घरीच शिकवायचं झालं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मूलभूत शिक्षणातल्या अ, ब, क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी आणि आठवीची सोय आहे.

पहिला आराखडा आणि त्याचं गणित

मे महिन्यात आईने केलेलं वेळापत्रक दिसायला देखणं होतं. थोरलीला ४० मिनिटांचे ५ तास, मधल्याला ३० मिनिटांचे ४, धाकटीला २० मिनिटांचे ३. प्रत्येकाचं वेगळं पान, वेगळे रंग.

आता बेरीज करा. २०० अधिक १२० अधिक ६०, एकूण ३८० मिनिटं. सहा तास वीस मिनिटं मोठं माणूस कुणा ना कुणाशेजारी बसलेलं हवं. घरात अशी मिनिटं होती किती? आईची १५०, तीही स्वयंपाक आणि बाळाचं सगळं धरून ओढूनताणून. वडिलांची सकाळची ५०. आजीची ४०. एकूण २४०. रोज १४० मिनिटं कमी पडणार होती, आणि हे मे महिन्यातच कागदावर दिसलं असतं. पण जवळपास कुणीच ही बेरीज करत नाही. मुलांच्या इयत्ता मोजल्या जातात, पुस्तकं मोजली जातात, मोठ्या माणसाची मिनिटं कुणी मोजत नाही. अनेक मुलांच्या घरशाळेत सगळ्यांत तुटपुंजी वस्तू तीच असते.

शाळा १६ जूनला सुरू झाली, त्याच दिवशी घरचं वेळापत्रकही सुरू झालं. ११ जुलैपर्यंत, म्हणजे चार आठवड्यांत, ते कोलमडलं. कोलमडण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती बहुतेक घरांत हीच असते. थोरलीचं काम होत राहिलं, कारण तिची जाड पुस्तकं समोर दिसतात आणि चौथी म्हटलं की आईबापांना धास्ती वाटते. धाकटीलाही वेळ मिळाला, कारण ती रडून मागते. उपासमार झाली मधल्याची. तो गुणी, गप्प बसून चित्रं काढत राहणारा. त्याचं वाचन पाच-सहा दिवस झालंच नाही तरी घरात कुणाच्या लक्षात येत नव्हतं. वास्तविक मोठ्या माणसाने शेजारी बसण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच होती. वाचायला लागण्याचं वय हेच. पुस्तकात एकट्याने रमता येईपर्यंत मुलाला रोज कुणीतरी ऐकायला लागतं. त्या गरजेला शेजारच्या पाच कार्यपुस्तिका पुरत नाहीत.

दुसरी चूक वेळापत्रक शाळेच्या मापाने बेतण्याची. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, दिवसाला सरासरी ४ तास. पण ते माप एका शिक्षकामागे ३० मुलं धरून केलेलं आहे. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एकच मिनिट मोठ्याने वाचलं तरी अर्धा तास जातो. घरात मधल्याने रोज १२ मिनिटं मोठ्याने वाचलं, तर पंधरवड्यातल्या दहा दिवसांत तो दोन तास वाचतो. घराचं माप म्हणून तास धरू नयेत. मूल स्वतः किती वाचतं, किती लिहितं, किती बोलतं, ते धरावं.

नवा आराखडा

१४ ते १८ जुलै हा आठवडा भातलावणीचा होता, शिकवणं बंदच होतं. त्यात नवा आराखडा झाला. या वेळी सुरुवात मिनिटांपासून केली आणि प्रश्न बदलला: कोणतं काम एकेकट्याशीच करावं लागतं, आणि कोणतं तिघांना एकत्र चालतं?

एकेकट्याची कामं मोजून दोनच निघाली, वाचायला शिकणं आणि गणिताची नवी पायरी. परिसर अभ्यास, इतिहास, गोष्टी, गाणी, चित्रं, नकाशा, निसर्ग हे सगळं एकत्र बसून होतं. मग दिवस असा बसला.

सकाळी साडेसात ते आठ या वेळात वडील थोरलीजवळ २५ मिनिटं बसतात, इंग्रजी वाचन आणि आदल्या दिवशी अडलेली गणितं. साडेआठला पर्जन्यमापक. नऊ ते पावणेदहा पडवीत तिघांचं एकत्र बसणं, बाळ आजीकडे. मग खाणं, आणि आई बाळाला झोपवते. बाळ साडेदहा ते बाराच्या आसपास झोपतं. हा दीड तास म्हणजे घरातली सोन्यासारखी वेळ. पहिल्या आराखड्यात तो थोरलीच्या परिसर अभ्यासाला दिला होता. आता साडेदहाला मधल्याचं वाचन २५ मिनिटं, मग धाकटीची १५, मग मधल्याचं गणित २० आणि शेवटी थोरलीची २५. बाराच्या आत पुस्तकं मिटतात. संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजी परवचा घेते, २० मिनिटं: पाढे, वार, महिने, नक्षत्रं. जुन्या घरांत हे चालतच असे. आजीला त्यासाठी वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

बेरीज १७५ मिनिटं. २४० पैकी ६५ शिल्लक. ही शिल्लक भरायची नाही, हा नियम. आजोबांचे डॉक्टर येतात, वीज जाते, दारात कुणी उभं राहतं. भरलेलं वेळापत्रक अशा पहिल्याच धक्क्याला मोडतं.

मधल्याच्या वेळेत थोरलीने काय करायचं, यावर सगळं टेकलेलं होतं. तिला सोमवारी आठवड्याच्या कामाचा तक्ता मिळतो: गणिताची ५ पानं, मराठीचे २ धडे, एक पान शुद्धलेखन, एक पत्र किंवा वर्णन. क्रम तिने ठरवायचा. अडलं तर आधी सोडवलेलं उदाहरण पुन्हा वाचायचं, तरी नाही जमलं तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा आणि पुढचं काम घ्यायचं. चिठ्ठ्या साडेअकराला उघडतात. पहिले दोन आठवडे ती दर पाच मिनिटांनी उठून येत होती. आईने प्रत्येक वेळी तोंडाने काही न बोलता डब्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या येऊ लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांवर साडेअकराच्या आधीच तिने स्वतः काट मारलेली असायची. इथे धीर सुटून आईने एकदा जरी उत्तर दिलं तरी सवय चार दिवस मागे जाते.

माध्यमाचा गुंता

दोघं इंग्रजी माध्यमातून आलेली, आता सगळं मराठीतून करायचं का? आमच्या मते एका वर्षासाठी सगळं एकदम फिरवू नये. थोरलीचं गणित इंग्रजीतच ठेवलं, कारण बालभारतीची पुस्तकं इंग्रजी माध्यमातही निघतात आणि ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात. परिसर अभ्यास आणि इतिहास मात्र मराठीतून, कारण ते एकत्र ऐकायचं आहे आणि आजूबाजूची सगळी माणसं, झाडं, शेतीची कामं मराठीतच बोलतात.

मधल्याची अडचण वेगळी आणि खोल होती. त्याला ट्वेंटी सेव्हन येत होतं. ‘सत्तावीस’ म्हटलं की तो ७२ लिहायचा. यात त्याची चूक नव्हती. मराठीत सुटे आधी ऐकू येतात आणि दशक मागाहून, आणि लिहिताना दशक आधी. कानाने जे आधी आलं ते हाताने आधी लिहिलं. हा गुंता इतका खरा आहे की २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. रूढ संख्यानामं टाकून द्यावीत असं आम्हाला वाटत नाही, बाजारात आणि आजीच्या तोंडी तीच आहेत. पण ‘वीस सात’ ही शिकवण्याची पायरी म्हणून फार कामाची आहे.

त्याच्याकडून करून घेतलं ते असं. आइस्क्रीमच्या १०० काड्या आणि रबरबँड. दहा-दहाचे गठ्ठे. आई म्हणते ‘सत्तावीस’. लगेच लिहायचं नाही. आधी काड्या मांडायच्या: दोन गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे. मग ‘वीस सात, सत्तावीस’ असं दोन्ही म्हणायचं. मग काड्यांकडे बघत डावीकडून लिहायचं. रोज पाचच संख्या. घाईने वीस घेतल्या तर मूल काड्या मांडायचं सोडून अंदाज बांधू लागतं.

एकोणाचं घराणं वेगळं हाताळलं: १९, २९, ३९, असं ८९ पर्यंत, एकूण आठ संख्या. ‘एकोणचाळीस’ ऐकून तो ४९ लिहायचा, कारण त्याला त्यात ‘चाळीस’ स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणून चाळीसचे चार गठ्ठे मांडायचे आणि ‘एक ऊन’, म्हणजे एक कमी, म्हणत एक काडी काढून घ्यायची. पण काडी काढायला एक गठ्ठा सोडावाच लागतो! सोडला की तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर उरतात, म्हणजे ३९. गंमत अशी की पुढे हातच्याच्या वजाबाकीला दशक सोडवायची वेळ आली, तेव्हा ती कृती त्याच्या हाताला आधीच माहीत होती. नव्व्याण्णव मात्र या घराण्यात बसत नाही, त्याला कुणी ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. ते शेवटी आणि एकटंच शिकवलं.

मोजायला चिंचोके उत्तम, गोव्यापासून खानदेशापर्यंत मुलं त्यावरच मोजायला शिकली आहेत. पण घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके, मणी, गजगे जमिनीवर येताच कामा नयेत. बाळाच्या घशात अडकायला एक पुरतो. या घरात चिंचोके झाकणाच्या डब्यात, उंच टेबलावर, आणि फक्त बाळ झोपल्यावर निघतात. डब्यावर ‘१००’ लिहिलेलं आहे, आणि आवरताना मधला आणि धाकटी मिळून दहा-दहाने मोजून शंभर भरल्याशिवाय झाकण लागत नाही. ती मोजणीही अभ्यासच.

वाचन: मधला आणि धाकटी

मधल्याला बाराखडी पाठ होती, सुरात म्हणायचा. ‘दिवा’ मात्र वाचता येत नव्हतं. पाठांतरात क्रम डोक्यात बसतो, अक्षर बसेलच असं नाही. याची परीक्षा सोपी आहे: अक्षरांच्या चिठ्ठ्या उलटसुलट टाकून मधलीच एक उचलायची. मुलाने ओठांत पुटपुटत ‘क का कि की’ असं मागून म्हणत यायला सुरुवात केली, की समजावं अक्षर ओळखीचं नाही.

त्याला वर्णमालेच्या क्रमाने न नेता गमभनपासून नेलं. ग, म, भ, न ही वळणाने एकमेकांजवळची अक्षरं आहेत, आणि त्यात र मिळवला की लगेच शब्द हातात येतात: नगर, मगर, गरम, नरम, गगन, भरभर. पाच अक्षरांत मूल खरोखर वाचतं, हा आनंद अ ते ज्ञ घोकताना महिनोन्‌महिने मिळत नाही. मग काना: राग, नाग, मामा, गारा, भारा. आठवड्याला तीन नवी अक्षरं आणि एकच नवी मात्रा. एका दिवशी पहिली आणि दुसरी वेलांटी दोन्ही आणल्या की गोंधळ ठरलेला. दुसऱ्या वेलांटीसाठी पूर्ण पाच आठवडे थांबले.

धाकटीला तिच्या १५ मिनिटांत वाचन सुरू केलं नाही. ती पाटीवर उभ्या-आडव्या-तिरक्या रेघा, गोल, अर्धगोल काढते, वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवते, आणि शब्दाचा पहिला आवाज ओळखते: ‘मासा’, ‘माड’, ‘मिठाई’, यांच्या सुरुवातीला कोण? तिला शेजारी बसून मधल्याची बरीच अक्षरं येऊ लागली, तेव्हा तिलाही पुस्तक द्यायचा मोह घरात सगळ्यांना झाला. आईने तो आवरला. ५ वर्षांच्या मुलीने ७ वर्षांच्या भावाला त्याच पुस्तकात गाठलं, तर दुखावतो तो मुलगा, आणि ते लवकर भरून येत नाही. तिला वेगळी चित्रपुस्तकं दिली.

थोरलीची मराठी वाचनाची अडचण जोडाक्षरांत होती, त्यातही ‘र’ मध्ये. चक्र, ट्रक, सूर्य आणि वाऱ्यावर या चार शब्दांत ‘र’ची चार रूपं आहेत. तिने एक शब्द पन्नासदा लिहिण्यापेक्षा दोन शब्द शेजारी ठेवून मोठ्याने म्हटले: दर्या आणि दऱ्या. घराच्या मागे डोंगरउतारावर दऱ्या आहेत, पश्चिमेला काही कोसांवर दर्या आहे. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. मग आचार्य आणि आचारी: आचार्यांना विद्या विचारायची, आचाऱ्यांना भाजीत मीठ किती ते. कानाला फरक कळला की लेखणी आपोआप सुधारते. वह्या तिच्या एकरेघी, मधल्याच्या दुरेघी आणि गणिताला चौकटीची, इंग्रजीला दोघांच्या चौरेघी. धाकटीला पाटीच.

एकत्र बसण्याची ४५ मिनिटं

इथे कणा थोरलीच्या पुस्तकाचा: चौथीचा परिसर अभ्यास आणि शिवछत्रपती. विषय एक, हातातलं काम तीन पातळ्यांचं. सांगणं मधल्याला समजेल इतपत, धाकटी २० मिनिटांनी उठून गेली तर तिला थांबवायचं नाही, आणि थोरलीने तोच धडा नंतर आपला आपण वाचायचा.

याचा उत्तम नमुना पर्जन्यमापक. एक लिटरची सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचा घेर सारखाच हवा, नरसाळं मोठं असेल तर पाऊस फुगवून दिसतो. बाटलीचा तळ खालून सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाकून वर सपाट पातळी येईपर्यंत पाणी ओतायचं आणि ती शून्याची रेघ. बाहेरून पट्टी चिकटवली. झाडापासून, पन्हाळीपासून लांब, अंगणात मधोमध, विटांत रोवून. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच मोजला जातो आणि आपला आकडा वर्तमानपत्राशी ताडता येतो. धाकटी दर १० मिलिमीटरला एक चौकट निळी रंगवते. मधला पट्टी वाचून ‘३ सेंमी ४ मिमी म्हणजे ३४ मिमी’ असं लिहितो. थोरली आठवड्याची बेरीज करते, आणि एका दिवसाचा पाऊस ६४.५ मिमी किंवा त्याच्या वर गेला तर मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, असा खात्याचाच शिक्का मारते. कोकणात बाटली भरून वाहण्याचा धोका असतो, सरळ भाग जेमतेम १५ सेंटिमीटरचा. तेव्हा मोठ्या पावसात संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करायची, नाहीतर नेमका सर्वांत मोठ्या पावसाचा आकडाच हातचा जातो. अर्जुना नदीचं पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरलं, त्या दिवशी आपल्या बाटलीत किती होतं, हा प्रश्न थोरलीनेच काढला.

इतिहासालाही लांब जावं लागलं नाही. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, ती याच तालुक्यात. डिसेंबरच्या मोकळ्या आठवड्यात बारसूच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, कातळशिल्पं पाहिली. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर सकाळी दहाच्या आत जावं, पुढे कातळ तापतो. रेषांवर पाय द्यायचा नाही. धाकटीने कडेने चालत पावलं मोजली, मधल्याने टेपने मोजलं, थोरलीने एक चौकट म्हणजे ५० सेंटिमीटर या प्रमाणात वहीत आकृती उतरवली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी आसपासच्या वस्तूंचीच साधनं केली. या रीतीला इतक्या वर्षांनंतरही तोड नाही.

वर्षाची मांडणी

२१ जुलै २०२५ पासून २४ एप्रिल २०२६ पर्यंत ४० आठवडे. त्यात पाच आठवड्यांचे पाच टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यापाठोपाठ एक मोकळा आठवडा. गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन, शिमग्याचा एक. उरलेले पाच राखीव.

सणांच्या तारखा दर वर्षी पाहून घ्याव्या लागतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. जुनं वेळापत्रक तसंच उचललं तर टप्पा ऐन आरत्यांत येतो. कोकणात त्या दिवसांत अभ्यास होत नाही, आणि होऊ नये.

मोकळ्या आठवड्यात नवा धडा नाही. सकाळचं एकत्र बसणं चालू, बाकी मागे राहिलेलं पुरं करणं, एखादी सहल, आणि आईने आराखडा दुरुस्त करणं. शुक्रवारी प्रत्येकाची छोटी पडताळणी: न वाचलेलं एक पान मोठ्याने वाचणं, दहा गणितं, पाच ओळींचं श्रुतलेखन. धाकटीचं फक्त एक चित्र आणि एक गोष्ट तिच्या शब्दांत. दर टप्प्याला प्रत्येकाची दोन पानं तारीख घालून फाइलमध्ये. पुढे शाळेत प्रवेशाच्या वेळी दाखवायला ही फाइल लागते. रोजची नोंद एकाच डायरीत, मुलागणिक एक ओळ. त्याहून जास्त लिहायचं ठरवलं तर ऑगस्टपर्यंत डायरी बंद पडते.

राखीव आठवड्यांची किंमत फेब्रुवारीत कळली. थोरलीला कांजिण्या आल्या. शाळेत एका मुलाचं आजारपण म्हणजे त्याची आठवडाभराची गैरहजेरी. एका छताखाली चार मुलं असली की तसं होत नाही. कांजिण्यांना अंगात शिरल्यापासून दिसायला १० ते २१ दिवस लागतात, त्यामुळे थोरलीच्या खपल्या धरून ती हिंडू लागली तेव्हा मधला आणि धाकटी एकदम आडवी झाली. मग बाळ. शिकवण्याचे तीन आठवडे गेले, शिमगा त्यातच आला. तारखा तीन आठवडे पुढे सरकवल्या, धडे दुप्पट करून भरपाई केली नाही, आणि पाचवा टप्पा त्याच्या मोकळ्या आठवड्यासह १० एप्रिलला संपला. दोन आठवडे उरले, ते फाइल लावण्यात आणि आंबे उतरवण्यात गेले.

एप्रिलअखेर मधला गोष्टीचं लहान पुस्तक सलग वाचत होता, जोडाक्षरांशी थबकत. थोरलीचं मराठी लेखन सुधारलं, पण इंग्रजी वाचन मागे पडलं. वडिलांची २५ मिनिटं आठवड्यात तीनदाच मिळत होती आणि त्यावर कुणी वेळीच बोट ठेवलं नाही. आजीची वीस मिनिटं मात्र एक दिवसही चुकली नाहीत.

मुक्काम आणखी एक वर्ष वाढतो आहे. जूनपर्यंत धाकटीला सहा पूर्ण झालेली असतील, म्हणजे वाचन शिकवण्याचं दुसरं मूल. बाळ दोन वर्षांचं झालं असेल, सकाळचं झोपणं बंद होऊन दुपारी एकदाच झोपेल. साडेदहाचा दीड तास हातातून जाणार. म्हणून नव्या आराखड्यात एकेकट्याचं वाचन दुपारी दीडला जातंय, एकत्र बसणं दहाला, आणि वडिलांनी इंग्रजीची वेळ सकाळऐवजी रात्री जेवणानंतर घ्यायची ठरवली आहे. बाटलीवरची पट्टी पावसाने उकलली होती, ती बदलून झाली आहे.